जटिल प्रणालींचा अभ्यास कुठून सुरू करायचा? चिंचोके, लोकलचा नकाशा आणि मुंबईचा प्लेग

जपानमधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर लांबीचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, आणि चालकांना एवढीच सूचना की ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखा. सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्येच घुसणारं कुणी नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं आणि मग कोंडी झाली. पुढची गाडी सुटायची, मागून दुसरी येऊन थांबायची, आणि थांबलेल्या गाड्यांचा तो पुंजका वाहतुकीच्या उलट दिशेने ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहायचा. या कोंडीला जबाबदार असलेली गाडी शोधायला गेलात तर ती सापडत नाही. प्रत्येक चालक नीटच चालवत होता.

अशा गोष्टींच्या अभ्यासाला जटिल प्रणालींचा अभ्यास म्हणतात. मुंग्यांचं वारूळ, शेअर बाजार, मेंदू, साथीचे रोग, हवामान, शहर. सुटे भाग कसे वागतात हे पक्कं माहीत असलं तरी ते एकत्र आल्यावर काय होईल हे त्यावरून सहज सांगता येत नाही, हा या सगळ्यांतला समान धागा. फिलिप अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७२ साली हाच मुद्दा ठामपणे मांडला: संख्या वाढली की वागणुकीचा प्रकारच बदलतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सांता फे इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र यांतली माणसं एका छताखाली हे प्रश्न हाताळू लागली. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल स्युकुरो मानाबे, क्लाउस हासेलमान आणि जॉर्जो पारिसी यांना जटिल भौतिक प्रणालींच्या अभ्यासासाठीच मिळालं.

इतिहास एवढा पुरे. हा लेख ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आहे: कॉलेजातले विद्यार्थी, शिक्षक, सार्वजनिक आरोग्यात किंवा शेतीत काम करणारे, किंवा नोकरी सांभाळून काहीतरी खरोखर शिकू पाहणारे. पहिल्या काही पायऱ्यांना शाळेतलं गणित पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागू आहे. या विषयात मॉडेल, म्हणजे खऱ्या गोष्टीची मोजक्या नियमांत केलेली सोपी नक्कल, बनवणं सोपं असतं आणि पडद्यावर जे दिसतं ते खऱ्या जगासारखं दिसायला लागतं. तिथेच फसगत होते. म्हणून मॉडेल चाललं की लगेच ते मोडायला घ्यायचं: हा नियम काढला तर? हे मोजलंच नाही तर? दुसऱ्याच नियमातून हेच चित्र येतं का? ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. नंतर लागणं फार अवघड जातं.

पायरी १: शंभर चिंचोके आणि एक कागद

संगणक उघडू नका. कागदावर पाच बाय पाचचा पट आखा. शंभरेक चिंचोके घ्या, एक फासा घ्या. फासा दोनदा टाकायचा: पहिला आकडा ओळ, दुसरा रकाना. सहा पडला तर पुन्हा टाका. त्या घरात एक चिंचोका ठेवा.

नियम एकच. कुठल्याही घरात चार चिंचोके झाले की ते घर ढासळतं: चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना एकेक जातो. घर कडेला असेल तर बाहेर जाणारा चिंचोका पटावरून कायमचा गेला. शेजाऱ्याकडे त्यामुळे चार झाले तर तोही ढासळतो. सगळं शांत होईपर्यंत चालू ठेवा, मगच पुढचा फासा. प्रत्येक फाशाला किती वेळा ढासळलं तो आकडा वहीत लिहा.

सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. कंटाळा येईल, सोडू नका. पट भरत आला की वहीतले आकडे बदलतात: शून्य, शून्य, एक, शून्य, तीन, शून्य, आणि एकदम चौदा. मोठी ढासळ घडवणारा चिंचोका इतरांसारखाच असतो. शंभर-दीडशे फासे टाकून झाले की आकड्यांचे गट करून स्तंभालेख काढा. लहान ढासळी पुष्कळ, मोठ्या थोड्या, आणि ‘नेहमीची’ म्हणावी अशी ढासळ कुठली ते मात्र सांगता येत नाही.

हे मॉडेल पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट विसेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये मांडलं. बाहेरून कुणी बटण न फिरवता प्रणाली आपोआप कड्याच्या टोकावर येऊन थांबते, हा त्यांचा दावा.

आता नियम नीट समजला का ते तपासायला एक हिशेब. तीन बाय तीनचा पट घ्या, नऊही घरांत तीन-तीन चिंचोके ठेवा आणि मधल्या घरात आणखी एक टाका. सगळं शांत झाल्यावर कोपऱ्यांत एकेक, मधलं घर रिकामं आणि उरलेल्या चार घरांत तीन-तीन असं चित्र आलं पाहिजे. एकूण १० वेळा ढासळलं, २८ पैकी १२ चिंचोके बाहेर गेले, १६ उरले. तुमचं उत्तर वेगळं आलं तर कुठेतरी एखादा शेजारी राहून गेलाय.

मग हाच हिशेब वेगळ्या क्रमाने करा. एकाच वेळी दोन-तीन घरं ढासळायच्या बेतात असतील तेव्हा आधी कोपरा घ्या, पुढच्या वेळी आधी मधलं घर. अंतिम चित्र तेच येतं आणि एकूण ढासळींची संख्याही तीच. हा योगायोग नाही. दीपक धर यांनी १९९० साली हे सिद्ध केलं, आणि त्यामुळे या मॉडेलबद्दलच्या कितीतरी गोष्टी कागदावर नेमक्या काढता येऊ लागल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत काम केलेल्या धर यांना २०२२ मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर बोल्ट्झमन पदक मिळालं. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातला हा सर्वोच्च मान समजला जातो आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे, त्याचा गाभा तुम्ही आत्ता चिंचोक्यांनी पडताळून पाहिलात. मला या विषयाचं आकर्षण वाटतं ते याचमुळे.

आता मोडायची वेळ. खरी वाळू अशी वागते का? वाळूच्या ढिगांवरच्या प्रयोगांत हे चित्र नीट जमलं नाही. १९९६ मध्ये ऑस्लोच्या गटाने तांदळाचे ढीग घेऊन मोजमाप केलं. लांबट दाण्यांच्या तांदळात मॉडेलसारखी वागणूक दिसली, गोलसर दाण्यांच्या तांदळात दिसली नाही. लांब दाणे एकमेकांत अडकतात, गोल दाणे घरंगळतात, आणि एवढा फरक पुरेसा ठरला. ‘निसर्गात सगळं असंच असतं’ असं कुणी म्हणालं की हा तांदूळ आठवा.

पायरी २: एका ओळीचं समीकरण

यासाठी एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट चालेल. पहिल्या खान्यात ०.२ लिहा. खालच्या खान्यात: गुणक × वरची संख्या × (१ − वरची संख्या). हे सूत्र शंभर ओळी खाली ओढा आणि आलेख काढा. एखाद्या तळ्यातल्या माशांची संख्या वर्षागणिक कशी बदलते याचं हे अगदी ढोबळ रूप आहे. मासे वाढतात, फार झाले की खाणं कमी पडतं.

गुणक २.८ ठेवा. संख्या ०.६४३ च्या आसपास स्थिरावते. ३.२ करा: एक वर्ष ०.५१३, पुढचं वर्ष ०.७९९, पुन्हा ०.५१३. गुणक ३.५ ला चार वर्षांचं चक्र येतं. ३.९ ला कुठलंच चक्र उरत नाही. आता शेजारच्या रकान्यात सुरुवात ०.२ ऐवजी ०.२००००१ ने करा. आधी दोन्ही रकाने हातात हात घालून चालतात आणि तीस-चाळीस ओळींत त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही.

यात कुठेही नशीब नाही, फासा नाही. तरी लांबचं भाकीत करता येत नाही. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये या समीकरणावर लेख लिहिला तेव्हा त्यांचा आग्रह होता की विद्यार्थ्यांच्या हाती ते लवकर द्यावं, कारण साध्या नियमातून साधंच वागणं येतं हा समज तिथेच गळून पडतो. या पायरीवर एक संध्याकाळ द्या, जास्त नको.

पायरी ३: नेटलोगो

आता संगणकावर येऊ. नेटलोगो हे उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते उतरवून घेता येतं, ब्राउझरमध्येही चालतं. त्याच्या मॉडेल लायब्ररीत शेकडो तयार नमुने आहेत. नवखे लोक एकेक उघडून रंगीत ठिपके बघत बसतात आणि दोन तासांनी हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दोनच मॉडेल घ्या आणि वही जवळ ठेवा.

पहिलं, जंगलातल्या वणव्याचं ‘फायर’. झाडांची घनता ठरवायची, डाव्या कडेला आग लावायची, किती टक्के जंगल जळालं ते बघायचं. घनता ५०, ५५, ५७, ५९, ६१, ६५ अशी ठेवा आणि प्रत्येक घनतेला दहा वेळा चालवून आकडे लिहा. ५५ ला आग थोडी जाऊन विझते. ६५ ला जवळजवळ सगळं जळतं. मधला बदल हळूहळू होत नाही, ५९ च्या आसपास एकदम होतो, आणि तिथे दहा वेळांचे दहा आकडे एकमेकांपासून सर्वांत लांब पडतात. एकाच धावेवर विश्वास ठेवायचा नाही हा धडा इथे मिळतो. मग मोडून बघा: कोडमध्ये आग चार शेजाऱ्यांऐवजी तिरप्या धरून आठ शेजाऱ्यांना लागेल असा बदल करा. ती सीमा कुठे सरकली?

दुसरं, ‘सेग्रिगेशन’. टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना. दोन रंगांची घरं, आणि प्रत्येकाची मागणी इतकीच की शेजाऱ्यांपैकी ३० टक्के आपल्या रंगाचे असावेत. नसतील तर तो घर बदलतो. अखेर सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास शेजारी सारख्या रंगाचे होतात, वस्त्या स्पष्ट वेगळ्या दिसतात, आणि तशा वस्त्या हव्यात असं तर कुणाचंच म्हणणं नव्हतं. मॉडेल सुंदर आहे. पण त्यावरून ‘आमच्या गावातल्या वस्त्याही अशाच नकळत वेगळ्या झाल्या’ असं कुणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवायला हवं. आपल्या गावांतली गावकुसाबाहेरची वस्ती जातीच्या सक्तीने तिथे ठेवली गेली. शहरांत आजही घर नाकारलं जातं ते आडनाव ऐकून. मॉडेलमधल्या ठिपक्याला कुणी घर नाकारत नाही. वस्त्या वेगळ्या दिसतात हे चित्र सौम्य आवडीनिवडीतून येऊ शकतं आणि उघड जुलमातूनही येऊ शकतं. चित्र बघून कारण कळत नाही.

पायरी ४: लोकलचा नकाशा हाताने

नेटवर्क म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या कड्या. हे शिकायला मुंबईच्या उपनगरी रेल्वेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तुम्ही मुंबईचे नसलात तरी नकाशा सहज मिळेल. मेट्रो आणि मोनो तूर्त बाजूला ठेवा.

मोठ्या कागदावर स्थानकं मांडा आणि रुळांनी शेजारी असलेली स्थानकं जोडा. आता प्रत्येक स्थानकाच्या कड्या मोजा. बहुतेकांना दोन. दादरला चार: प्रभादेवी, माटुंगा रोड, परळ, माटुंगा. कुर्ल्यालाही चार: शीव, विद्याविहार, चुनाभट्टी, टिळकनगर. कड्यांच्या संख्येने पाहिलं तर दोन्ही सारखी.

खोडरबर घ्या आणि दादर पुसा. चर्चगेटपासून प्रभादेवीपर्यंतची आठ स्थानकं उरलेल्या जाळ्यापासून तुटतात. सीएसएमटी ते परळ हा भाग मात्र टिकून राहतो, कारण सँडहर्स्ट रोडवरून हार्बर मार्गाने वडाळ्याकडे वाट आहे. आता दादर परत काढा आणि कुर्ला पुसा. वसई रोड–दिवा मार्ग तुम्ही नकाशात घेतला नसेल तर जाळ्याचे सरळ दोन तुकडे होतात: एकीकडे दक्षिण मुंबई आणि सगळी पश्चिम रेल्वे, दुसरीकडे ठाणे, कल्याण आणि नवी मुंबई. तो मार्ग घेतला असेल तर जाळं जोडलेलं राहतं, फक्त शीवहून घाटकोपरला जायला वसई आणि दिव्याला वळसा घालावा लागतो. कागदावर जोडलेलं आणि प्रवाशाच्या दृष्टीने जोडलेलं यातलं अंतर इथे स्वच्छ दिसतं.

कड्या सारख्या, परिणाम वेगळे. म्हणून नेटवर्कच्या अभ्यासात ठिपक्याचं महत्त्व मोजायच्या अनेक पद्धती आहेत: किती कड्या, किती जणांचा सर्वांत जवळचा रस्ता त्यावरून जातो, तो काढल्यावर किती तुकडे होतात. सूत्रं पाठ करण्याआधी हे खोडरबरने करून बघा.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. कडी कशाला म्हणायचं हे तुम्ही ठरवलं होतं. ‘एकच गाडी दोन्हीकडे थांबते’ ही कडी मानली तर चर्चगेट आणि विरार थेट शेजारी होतात आणि सगळा नकाशा बदलतो. कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये भारतीय रेल्वेचा अभ्यास केला तो याच व्याख्येने, कारण प्रवाशाला रूळ मोजायचे नसतात, गाडी किती वेळा बदलायची ते हवं असतं. त्यांना दिसलं की एवढ्या अवाढव्य देशातही थोड्याच गाड्या बदलून जवळजवळ कुठूनही कुठेही जाता येतं.

आणखी एक कडी आहे, जी कुठल्याच रेल्वे नकाशावर नाही: प्रभादेवी आणि परळ यांना जोडणारा पादचारी पूल. तो धरला तर दादर पुसल्यावरही चर्चगेटचा तुकडा सुटत नाही. रोज असंख्य माणसं ही कडी वापरतात. २९ सप्टेंबर २०१७ ला, प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड असताना, तिथल्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. वेळापत्रकातून तयार केलेल्या नेटवर्कमध्ये तो पूल दिसलाच नसता. माहिती ज्या रूपात हाती येते त्याच रूपात नेटवर्क काढलं की असं होतं, म्हणून जाळं काढून झाल्यावर प्रत्यक्ष त्या जागेवर जाऊन यायचं. ही सूचना मी अगदी शब्दशः करतोय.

पायरी ५: मुंबईचा प्लेग आणि सुंदर जुळणारी रेघ

साथीच्या रोगांचं सर्वांत प्रसिद्ध गणिती मॉडेल विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं. मॅकेंड्रिक यांनी आधी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलं होतं. आणि या लेखात त्यांनी समीकरण ताडून पाहायला घेतले ते आकडे आपल्या मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू.

आधी मॉडेल स्वतः करा. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने: ज्यांना रोग होऊ शकतो असे ९९९, आजारी १, आणि साथीतून बाहेर पडलेले ०. एक ओळ म्हणजे एक दिवस. रोज नव्याने आजारी पडणारे = ०.४ × होऊ शकणारे × आजारी ÷ १०००. रोज बाहेर पडणारे = ०.२ × आजारी. पहिली संख्या पहिल्या रकान्यातून काढून दुसऱ्यात घाला, दुसरी संख्या दुसऱ्यातून काढून तिसऱ्यात. दीडशे ओळी चालवा. आजाऱ्यांचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो, आणि शेवटी हजारातले साधारण ८०० जण साथीतून गेलेले असतात. ०.४ ऐवजी ०.३ केलं तर हा आकडा सहाशेच्या आत येतो. ०.२ च्या खाली गेलात तर साथ पेटतच नाही. साथ थांबायला प्रत्येकाला वाचवावं लागत नाही, एक उंबरठा ओलांडू दिला नाही तरी पुरतं, हे त्या दोघांच्या लेखातलं मोठं सत्य. करोनाच्या काळात ज्या ‘आर’च्या आकड्याबद्दल (एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते) आपण रोज ऐकत होतो त्याचं मूळ इथेच आहे.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांची रेघ मुंबईच्या आकड्यांवर फार छान बसते. आलेख बघितला की पटतंच.

आणि तरी त्या रेघेने मुंबईतल्या प्लेगचं कारण सांगितलेलं नाही. तो प्लेग उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवांमार्फत पसरत होता. तुमच्या तीन रकान्यांत उंदीर कुठे आहेत? शिवाय मुंबईत प्लेग १८९६ पासून वर्षामागून वर्ष येत होता, थंडीत वाढायचा, वसंतात शिगेला पोचायचा आणि उन्हाळा तापला की ओसरायचा. मॉडेलमध्ये साथ ओसरते ती रोग होऊ शकणारी माणसं कमी पडल्यामुळे. मुंबईत ती ओसरण्यात हवामानाचा हात होता. आलेखाचा आकार मात्र दोन्हीकडे तोच, टेकडीचा. त्या दोघांच्या बाजूने हे सांगितलं पाहिजे की त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आपण गृहीत धरतोय, आणि ही गृहीतकं तंतोतंत खरी नाहीत. नंतरच्या पाठ्यपुस्तकांत रेघ राहिली, इशारा गळला. निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हा सगळा हिशेब ऋतू आणि उंदीर धरून पुन्हा मांडला.

या पायरीचा गृहपाठ असा. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये ०.४ हा आकडा दिवसागणिक बदलू द्या: थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. सुरुवातीची माणसं हजाराऐवजी लाख करा, सूत्रातले १००० सुद्धा लाख करा, म्हणजे ती कमी पडणारच नाहीत. मग आकडे असे फिरवत बसा की आलेख आधीच्या टेकडीवर बसेल. बसवता येतो. दोन पूर्णपणे वेगळी कारणं, एकच टेकडी. आता स्वतःला विचारा: यातलं कुठलं खरं हे ठरवायला आणखी कुठले आकडे लागतील? पुढच्या वर्षीचे? मेलेल्या उंदरांचे? वेगवेगळ्या वॉर्डांचे? विज्ञान या प्रश्नापासून सुरू होतं.

सरळ रेषेपासून सावध

वाचायला लागलात की ‘पॉवर लॉ’ हा शब्द जागोजागी भेटेल: लहान गोष्टी पुष्कळ, प्रचंड मोठ्या थोड्या, आणि आकार ठरावीक पटीने वाढला की संख्या ठरावीक पटीने घटते, असा नियम. शहरांची लोकसंख्या, भूकंप, संपत्ती, वेबसाइटचे दुवे: सगळं म्हणे एकाच प्रकारच्या नियमाने चालतं. पुरावा म्हणून दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतलेला आलेख आणि त्यावर पट्टीने ओढल्यासारखी रेघ दाखवतात. डोळ्यांना सरळ दिसणारी रेघ इतर कितीतरी प्रकारच्या आकड्यांतूनही येते. अ‍ॅरन क्लॉसेट, कोस्मा शालिझी आणि मार्क न्यूमन यांनी २००९ मध्ये हे तपासायची नीट पद्धत लिहून दिली, आणि ती लावल्यावर आधीचे अनेक दावे डळमळले. थोड्या ठिपक्यांकडे प्रचंड कड्या आणि बाकीच्यांकडे मोजक्याच, ही बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेली नेटवर्कची कल्पना मोलाची आहे, पण प्रत्येक जाळं तसंच असतं हे आता कुणी सहज मान्य करत नाही. पहिल्या वर्षात तुम्ही स्वतः पॉवर लॉ ‘शोधू’ नये, एवढाच माझा सल्ला.

गणित, कोड आणि शिकायच्या जागा

इथवर मजेत आलात तर पुढे पद्धतशीर शिकावं लागेल. संभाव्यताशास्त्र सर्वांत आधी, कारण त्याची गरज सगळीकडे पडते आणि तेच सगळ्यांचं कच्चं असतं. मग विकलक समीकरणं आणि मॅट्रिक्स. कोडसाठी पायथन, त्यात जाळ्यांसाठी नेटवर्कएक्स आणि नेटलोगोसारख्या मॉडेलांसाठी मेसा ही मोफत साधनं आहेत. चिंचोक्यांचं मॉडेल पायथनमध्ये लिहिणं हा उत्तम पहिला प्रकल्प, कारण तीन बाय तीनचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

सांता फे इन्स्टिट्यूटच्या ‘कॉम्प्लेक्सिटी एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर मोफत अभ्यासक्रम आहेत. मेलनी मिचेल यांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम गणिताची भीती असणाऱ्यालाही झेपतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर व्ही. बालकृष्णन यांची अरेषीय गतिशास्त्रावरची व्याख्यानं आहेत. ती सावकाश, वही घेऊन ऐकायची. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन केंद्रात सांख्यिकीय भौतिकशास्त्राची शाळा भरते आणि तिथली व्याख्यानं यूट्यूबवर मिळतात. पुण्याचं आयसर आणि चेन्नईची गणिती विज्ञान संस्था इथे या विषयावर काम झालं आहे आणि होतं आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी प्रकल्पासाठी तिथल्या प्राध्यापकांना लिहावं. पत्रात स्वतः केलेलं एक छोटं मॉडेल आणि त्यात काय खटकलं ते चार ओळींत लिहा.

पहिला स्वतःचा प्रश्न: कांदा

शेवटची पायरी सर्वांत लांब चालते. एक प्रश्न निवडा जो तुमच्या ओळखीच्या कुणाच्या तरी पोटापाण्याशी निगडित आहे. उदाहरण म्हणून कांदा घेऊ.

पुस्तकी मॉडेल तयारच आहे: भाव चढला की पुढच्या हंगामाला सगळे कांदा लावतात, आवक वाढते, भाव पडतो, मग सगळे लागवड कमी करतात, भाव पुन्हा चढतो. स्प्रेडशीटमध्ये हे अर्ध्या तासात होतं आणि आलेख हेलकावे खाताना दिसतो. लासलगावसह बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर मिळतात. ते शेजारी मांडलेत की हेलकावे तिथेही दिसतील. मोह होईल लेख लिहायचा.

थांबा, आणि नाशिककडच्या एखाद्या कांदा उत्पादकाशी तासभर बोला. तो सांगेल की हंगाम एक नाही: खरीप, रांगडा आणि उन्हाळ. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, महिनोन् महिने टिकतो, खरिपाचा टिकत नाही, त्यामुळे भाव पडला तरी एकाला थांबता येतं आणि दुसऱ्याला थांबता येत नाही. चाळीत पाऊस घुसला तर गणित वेगळं. रोप मिळालं का, मजूर मिळाले का, पाणी किती उरलं, यावर लागवड ठरते. गेल्या हंगामाचा भाव हे त्यातलं एक कारण. आणि सरकार निर्यात बंद करतं. डिसेंबर २०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली, त्या काळातल्या भावाचा आलेख तुमच्या समीकरणातून निघणार नाही.

अर्थतज्ज्ञाला विचारलंत तर तो चाळीला साठवणुकीचा निर्णय म्हणेल, भौतिकशास्त्रज्ञ तिला विलंब म्हणेल, हवामानवाला आर्द्रता विचारेल. तिघांनाही एकाच टेबलावर बसवता आलं तर तुम्ही या विषयात आलात असं समजा. एका माणसाला हे सगळं येणं शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नको. तुम्ही मॉडेलची भाषा नीट शिका आणि ज्याला जे माहीत आहे त्याला ते विचारा.

मग मॉडेलमध्ये एका वेळी एकच गोष्ट घाला. आधी चाळ, मग तीन हंगाम, मग निर्यातबंदी. प्रत्येक वेळी तपासा की आधी जे जमत नव्हतं ते आता जमतंय का, आणि त्या बदलाशिवायही ते जमलं असतं का. २०२२ पर्यंतच्या आकड्यांवर मॉडेल बसवा आणि पुढची वर्षं झाकून ठेवा. ती शेवटी, एकदाच उघडायची. फसलेल्या आवृत्त्या तारीख घालून जपा, संगणकाने वापरलेला यादृच्छिक संख्यांचा आरंभाचा आकडाही लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमची धाव तशीच्या तशी पुन्हा करता येईल. आणि आलेख सर्वांत आधी त्या कांदा उत्पादकाला दाखवा. कुठल्या महिन्यात मॉडेल चुकतंय ते तो बोट ठेवून सांगेल. पुढची आवृत्ती त्याच महिन्यापासून सुरू करा.